पातेल्यात उकळलेला थर्मोस्टॅट

दोन हजार सालच्या आसपासचा मे महिना... कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गॅरेजमध्ये जुन्या टायरवर बसून मी मिस्त्रीच्या हातांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होतो.

गाडी तीन मालक बघून माझ्याकडे आलेली. चार-पाच किलोमीटर गेलं की टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत. आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्या बहिणीला कुरुंदवाडहून आणायचं होतं... आठवा महिना, पहिलं बाळंतपण माहेरी. एसटीचे धक्के नकोत म्हणून मीच मोठ्या तोऱ्यात 'गाडी घेऊन येतो' म्हणालो होतो.

दत्तू मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, पाइपांना हात लावून बघितला आणि निकाल दिला. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, अडकलाय, उघडतच नाही, त्यामुळे गरम पाणी रेडिएटरकडे जात नाही. नवा बसवावा लागेल.

इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. ऑफिसातले झाडून सगळे सांगत होते, तो काढून फेकून द्यायचा, आपल्या हवेला लागतच नाही. बऱ्याच गॅरेजमध्ये तसंच करायचे. मग हाच का नवा घाला म्हणतोय?

विचारलं तर म्हणाला, "काढला की इंजिन थंडच पळतंय, पेट्रोल लई खातंय. कंपनीवाली येडी हायत व्हय?" उत्तर अगदी तोंडावर तयार... मग तर माझा संशय आणखीच वाढला.

पार्ट मीच आणतो म्हणालो. म्हटलं, निदान त्यात तरी याला हात मारता येऊ नये. उन्हात तीन दुकानं पालथी घालून एक सीलबंद डबी आणली... वर ठळक अक्षरात 'ओरिजिनल'.

दत्तूनं डबी फोडली आणि पार्ट बसवायचा सोडून शेजारच्या चहाच्या गाड्यावर गेला. पातेल्यात पाणी उकळायला ठेवून आधी जुना थर्मोस्टॅट टाकला. तो ढिम्म. आता हा काहीतरी हातचलाखी करणार म्हणून मी पातेल्याला चिकटून उभा.

मग माझा नवाकोरा टाकला. पाणी खळखळ उकळतंय... आणि तोही ढिम्म.

"पावणं, ह्यो बी उघडंना की."

पहिला विचार हाच आला, की यानं बदलला! पण पार्ट एक क्षणही माझ्या नजरेआड झाला नव्हता. अतिशहाणपणा करून डुप्लिकेट माल मीच आणला होता. त्यानं तो गुपचूप बसवला असता, तर उद्या भर दुपारी बहिणीला घेऊन मी रस्त्यात...

दत्तू स्वतः जाऊन दुसरा घेऊन आला. तोही आधी पातेल्यात. या वेळी मधली झडप हळूहळू उघडली, बाहेर काढल्यावर मिटली. मगच बसवला.

दुसऱ्या दिवशी बहीण मागच्या सीटवर कोल्हापूर येईपर्यंत गाढ झोपली होती. मी मात्र दर मिनिटाला काट्याकडे बघत होतो... स्वभाव, दुसरं काय.

भाची झाली तेव्हा दत्तूला बर्फी द्यायला गेलो. राहवलं नाही, सांगून टाकलं... मिस्त्री, तुम्ही मला फसवताय असंच वाटत होतं त्या दिवशी.

त्यानं बर्फी तोंडात टाकली. "ठावं हुतं की. म्हणून तर तुमच्या म्होरं उकाळलं."

फार लाज वाटली... आणि असा माणूस मिळाला याचं समाधानही. पुढं ती गाडी विकेपर्यंत तिच्या बॉनेटला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.