आप्पांची बादली

महिन्यापूर्वी दौंडहून फोन आला, "आप्पा गेले." मी तेव्हा रेस्क्यू व्हॅनमध्ये हवेच्या सिलिंडरांचं प्रेशर तपासत होतो. फोन ठेवला, राहिलेले दोन सिलिंडरही तपासले आणि मगच खाली बसलो... आप्पांना दुसरं काही चाललं नसतं.

आप्पा आमच्या अग्निशमन केंद्रात बचाव पथकाला शिकवायचे. मी शिरूरकडच्या शेवंती लावणाऱ्या घरातला पहिला पदवीधर. पथकात निवड झाली तेव्हा आईने गावभर पेढे वाटले. फक्त आप्पांची परीक्षा राहिली होती. केंद्रामागच्या रिकाम्या लोखंडी टाकीत, उलट्या बादलीवर बसून ते ओरडायचे, "मेलो रं! या की लवकर!" आत विषारी वायू आहे असं धरून आम्ही मास्क लावून उतरायचं. त्यांचा आवाज ऐकून माझं भान सुटलं. प्रेशर न बघताच मी आत शिरलो. सिलिंडर त्यांनी मुद्दाम रिकामा ठेवला होता. आप्पा ओरडायचे थांबले.

"या ग्रॅज्युएट. आता भायेर काढायला दोन मढी झाली."

"आप्पा, तुम्ही एवढं ओरडत होता..."

"मग? मरणारा माणूस गप बसतो व्हय?"

त्यांनी मला नापास केलं. तीन महिने पुन्हा सराव. आईला काय सांगू, असं मी रडवेला होऊन विचारलं. "सांग, आप्पा लई खडूस हाय. पर पोरगं जित्तं हाय."

पुढे दोनेक वर्षांनी एका विहिरीत पंप बघायला उतरलेला माणूस वायूने बेशुद्ध पडला. काठावर त्याचा भाऊ माझी कॉलर धरून ओरडत होता, "उतर की! बघत काय बसलाय?" मी प्रेशरच बघत होतो... सिलिंडर गळत होता. दुसरा लावला, उतरलो. आम्ही दोघंही जिवंत वर आलो. आप्पांना फोन केला, तर शाबासकी राहिली बाजूला, विचारलं काय, "शिलिंडर बदलाय किती वेळ लागला?"

गेल्या आठवड्यात नव्या तुकडीची परीक्षा मी घेतली. टाकीत आप्पांची बादली तशीच उलटी होती. तिच्यावर बसून मी जीव तोडून ओरडलो. बाहेर केडगावची एक मुलगी होती. ती येईना. मी आणखी ओरडलो, आप्पांच्या ठेवणीतल्या दोन शिव्याही घातल्या. मग तिचा शांत आवाज आला, "सर, ह्यो रिकामा हाय. दुसरा लावते. वरडा तुम्ही तवर."

मी ओरडत राहिलो... त्या बादलीवर बसून, अगदी निश्चिंत.