मसाजीचा पाव्हणा

मसाजीला साठ वर्षांत कुणी घाईत पाहिलं नव्हतं. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं जो लांबलचक उघडा माळ आहे, त्यावर सकाळी मेंढरं घालायची आणि ऊन कललं की खाली वाडीकडं वळवायची, एवढाच त्याचा प्रवास. हिंगोलीला तो चारदोनदा गेला असेल, तेही दवाखान्यापायी. पण माळावर ससा कुठल्या झुडपात बसतो, घोरपड कुठल्या दगडाखाली असते, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. बोलणं मात्र असं, की समोरच्यानं दोन प्रश्न विचारावेत तेव्हा एकाचं उत्तर मिळावं, तेही निम्मं.

त्यातही एक शब्द तो कधीच उच्चारत नसे. लांडगा. त्याच्या आज्यानं हे नाव कधी घेतलं नाही, बापानं घेतलं नाही. नाव तोंडात आलं की जनावर कळपात आलं, असं त्यांच्या घरात मानायचे. बोलायची वेळच आली तर ‘पाव्हणा’ म्हणायचं. पाव्हणा दिसला, पाव्हण्यानं कोकरू नेलं, पाव्हणा यंदा उशिरा आला. सिंधूबाई लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासू म्हणाली, “काल पाव्हणा येऊन गेला.” तर ही बिचारी चहाचं आधण ठेवायला उठली. ती गोष्ट घरात अजून हसून सांगतात.

माघ महिन्यात एक दिवस अंजली नावाची पोरगी स्कूटीवरून थेट माळावर आली. ती कळमनुरीची. वन्यप्राणी आणि मासे यांच्या रक्षणाबद्दल लोकांना काय वाटतं, हे विचारून लिहून घ्यायचं काम एका संस्थेला मिळालं होतं, त्यात ती लागली होती. हातात टॅब, त्यात चव्वेचाळीस प्रश्न. मसाजीनं घोंगडं अंथरून तिला बसायला दिलं.

“काका, तुमच्या भागात लांडगा आहे का?”

मसाजी जन्मात पहिल्यांदा घाईत आला. आधी त्यानं मेंढरांकडं पाहिलं, मग हात हलवत म्हणाला, “न्हाई न्हाई! मेंढरांम्होरं ते नाव नका घेऊ बाई.”

“म्हणजे नाही?”

“तसलं काई न्हाई. पाव्हणा येतो अधूनमधून.”

अंजलीनं बोटानं पडदा वर सरकवत नेला. एकोणतिसाव्या प्रश्नाला तिला हवा तो रकाना सापडला : बाहेरून येणारे पाहुणे व पर्यटक.

“किती जण येतात?”

“पहिलं जोडपंच होतं. आता सात झालेत, लेकरंबाळं धरून.”

“अरे वा! मुक्काम करतात?”

“करतेत की. त्या वरल्या कपारीत.”

“तिथं काही सोय नाही ना पण?”

“त्यायला कशाची सोय लागती? नाल्याला पाणी हाय.”

“आणि जेवणाचं?”

“मटन,” मसाजी म्हणाला. त्याला या प्रश्नाचं नवल वाटलं.

“तुम्हाला त्रास नाही होत त्यांचा?”

मसाजीनं जरा विचार केला. “तकलीफ तर होती. पण आमच्या आधीपासून त्यायचं येणंजाणं हाय. एखादं कोकरू गेलं तर गेलं. त्यायला हाकलून आपणच ऱ्हायचं, हे बराबर न्हाई.”

अंजलीला हे फार आवडलं. ‘स्थानिक लोक अत्यंत आतिथ्यशील’ असा शेरा लिहून तिनं टॅब मिटला. मसाजीनंही आपण चांगली माहिती दिली या समाधानात तिला वाटीभर दूध पाजलं.

दोन महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वनखात्याचा कागद लागला. उपसरपंच शिवहार तो मोठ्यानं वाचत होता आणि पारावरची माणसं ऐकत होती. माळावर उल्लेख करावा असा वन्यप्राणी आढळत नाही. मात्र पर्यटक कुटुंबासह मुक्कामी येतात. सबब माळाला तारेचं कुंपण घालून, चर खोदून झाडं लावावीत, पाहुण्यांसाठी निवारा बांधावा. चराई बंद. कुणाची हरकत असल्यास येत्या ग्रामसभेत सांगावी.

“मसाजीबा,” शिवहार ओरडला, “तुमच्या माळावर टुरिस्ट येऊन राहिले म्हणं! आमाला काहून दिसंनात? का तुमीच लपवून ठिवले?”

सगळे हसले. मसाजीला पुढचं ऐकूच आलं नाही. चराई बंद, एवढेच दोन शब्द कानात राहिले. वाडीच्या खाली सगळी हळद आणि सोयाबीन. तिथं मेंढरानं तोंड घातलं की भांडण. माळ गेला तर ऐंशी मेंढरांना बाजार दाखवायचा, आणि मग सकाळी उठून जायचं कुठं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. सिंधूबाई भाकरी थापत होती. ती थापायची थांबली.

“त्या पोरीला तुमी काय म्हणला व्हता?”

“म्हणलो, पाव्हणा येतो.”

सिंधूबाईनं पिठाचा हात तोंडावर ठेवला आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी आलं, गालाला पीठ लागलं, तव्यावरची भाकरी करपली. “अवो, मटन खाणारे सात पाव्हणे! ती बिचारी काय समजंल? मी तर चहा ठिवायला उठले व्हते, तिनं निवारा बांधायला काढला!” मग हसू ओसरलं तशी ती गंभीर झाली. “सभेत नाव घ्या आता.”

“माझ्या तोंडून?”

“मग काय त्यो येऊन सांगंल?”

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. खात्याचे साहेब आले होते, शेजारी अंजली टॅब घेऊन बसली होती. लोकांना मत विचारलं की लोक मत देतात, आणि एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. एकजण म्हणाला, रानडुकरांनी हळदीचे वाफे नांगरून ठेवले, एक तर त्यायला आवरा न्हाई तर आमाला आवरू द्या. दुसऱ्यानं रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, हरभरा कसा खाल्ला ते अंगविक्षेपांसह दाखवलं. धरणालगतच्या तांड्यावरचा सेवा नावाचा मासेमार उठला. “पावसाळ्यात जाळं टाकू नका म्हणता, मान्य हाय. मासोळी अंडी घालती तवा. पण बोटाएवढी पिल्लं धरणारी बारीक जाळी भर बाजारात इकतेत, त्यायला कोन ईचारतं?” त्याला टाळ्या मिळाल्या. झाडं लावू नका असं मात्र कुणीच म्हणेना. झाडांना नाही कोण म्हणणार?

शेवटी मसाजी उभा राहिला. फेटा सारखा केला.

“साहेब, माळावर तो हाय.”

“तो कोण?”

“तो. मेंढरं नेतो तो.”

“चोर?”

“न्हाई हो. चार पायाचा.”

“कोल्हा?”

“त्याच्याहून मोठा.”

“तरस?”

“तरस कशाला मेंढरू पळवून न्हील? त्याच्याहून शहाणा.”

“बिबट्या?” साहेबांचा आवाज चढला.

झालं. मागच्या रांगेत कुणी तरी “बिबट्या हाय म्हणं!” असं बोललं आणि बायका लेकरं कडेवर घेऊन उठल्या. शिवहार खुर्चीवर चढून “बसा, बसा” म्हणत स्वतःच फाटकाकडं बघत होता. सिंधूबाई मात्र जागची हलली नाही. तिनं नवऱ्याकडं असं पाहिलं, की त्याला माळ दिसला, मेंढरं दिसली आणि कुंपणही दिसलं.

“लांडगा!” मसाजी ओरडला.

उठलेल्या बायका जागीच थांबल्या. इतक्या जोरात त्याला बोलताना कुणी ऐकलंच नव्हतं.

“लांडगा हाय माळावर. सात लांडगे हाईत. मला ह्या बाईनं ईचारलं तवा मी पाव्हणा म्हणलो. चूक माझी हाय. आमच्यात नाव घेत न्हाईत.” मग त्याला दम लागला, पण तो थांबला नाही. “लांडगा हाय म्हणून डुकराची पिल्लं मर्यादेत ऱ्हातेत. त्याला उघडा माळ लागतो. गवतात दूरवर दिसावं लागतं. तुमी झाडं लावून तार वढली, की तो जाईल, मी बी जाईन. ऱ्हातील ती डुकरं.”

डुकरांचं नाव निघताच हळदवाले ताठ बसले. अंजली टॅबमध्ये एकोणतिसावा रकाना उघडून बघत होती आणि कानापर्यंत लाल झाली होती. साहेब म्हणाले, एवढ्यावर आराखडा बदलता येणार नाही. पंधरा दिवस माळावर कॅमेरे लावू. लांडगा दिसला तर बघू. नाही दिसला तर काम सुरू.

दोन कॅमेरे लागले. आणि पाव्हणा गायब! एक दिवस नाही, दोन दिवस नाही. आठ दिवस गेले. कोकरं खुशाल नाल्याकाठी उड्या मारत होती. आयुष्यभर ज्यानं येऊ नये म्हणून जीभ आवरली, त्यानं यावं म्हणून मसाजी कासावीस झाला. नाव घेतल्यावर येतो ना? मग घेऊ की. नवव्या दिवसापासून तो कपारीखाली उभा राहून हाका मारू लागला.

“लांडग्या! ए लांडग्या! ये की लेका! काहून रुसला?”

मेंढरं मान वर करून बघायची. सेवा मासे घेऊन जाताना त्या बाजूनं गेला, तर त्यानं लांबूनच रामराम केला आणि वाट बदलली. तेराव्या दिवशी मसाजीचा घसा बसला. सिंधूबाईनं हळद घातलेलं दूध पुढं ठेवलं.

“असं बोंबलल्यावर मी तरी यीन का? जल्मभर तुमी गप बसत व्हता म्हणून येत व्हता त्यो.”

चौदाव्या दिवशी मसाजी गुमान दगडाला टेकून बसला. बोलायला आवाजच नव्हता. दिवस नुकता वर येत होता. समोर गवत हललं, मातीच्याच रंगाचं काही तरी आडवं गेलं, दुसरं बाजूनं आलं. मसाजी उठला नाही. त्याच्या हाताशी काठी होती, कुत्रं पायाशी गुरगुरत होतं. त्यानं कुत्र्याच्या मानेवर हात दाबून धरला. कॅमेऱ्यासमोरच्या पायवाटेनं एक पांढरं कोकरू गेलं, ते पुन्हा खाली आलं नाही.

कॅमेऱ्यात दोनशे बारा फोटो निघाले. दोनशे नऊ फोटोंत मसाजी होता, तोंड उघडं, हात वर. “हा माणूस कुणाला ओरडतोय?” असं साहेबांनी विचारलं तेव्हा अंजलीनं टॅब तोंडासमोर धरला. उरलेल्या तिनांत लांडगे होते.

महिन्याभरानं निकाल आला. माळ माळच राहणार. झाडं शाळेच्या मागं आणि रस्त्याकडेला लागणार. कुंपण नाही, चराई आहे तशी. शिवहारनं पेढे आणले आणि माळावर फोन लावला. “मसाजीबा, या लवकर. हळदवाले तुमचा सत्कार करू म्हणून राहिले!”

“येतो,” मसाजी म्हणाला. पण तो लगेच उठला नाही. त्या कोकराची आई रोज नाल्याजवळ आली की अडायची, कपारीकडं तोंड करून ओरडायची. मागून हाकललं तरी हलायची नाही. मसाजीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यानं सगळा कळप वळवला आणि लांबच्या, चढाच्या वाटेनं माळाच्या दुसऱ्या अंगाला नेला. तिकडं गवत जरा कमी होतं.