देवधानवाली मावशी

देवधानवाली मावशी पीक आधी बांधायची आणि मग पिकेपर्यंत त्याला हात लावायची नाही. नवेगाव बांधकडच्या आमच्या गावात तलावाच्या उथळ काठावर देवधान, म्हणजे रानटी भात, आपोआप उगवायचे. पिकले की दाणा पाण्यात गळतो, म्हणून ती ताटे हिरवी असतानाच त्यांच्या जुड्या बांधून ठेवायची. पुढे गुडघाभर पाण्यात उभी राहून त्या टोपलीत झाडायची. ऋषिपंचमीच्या उपासाला नांगराखालचे धान्य चालत नाही. गावातल्या साऱ्या बायका तिच्याच घरून ओंजळभर देवधान न्यायच्या.

दर चार जुड्यांमागे एक ती तशीच सोडायची. मी एकदा कारण विचारले.

"पाखराइले कोन देईल मंग? तू? तुले त पुस्तकातलेच पाखरं मालूम!"

त्या जुड्यांच्या आडोशाला कमळपक्षी घरटी करत. मरळ मासळीची पिल्लेही तिथेच वाढत.

मग तलाव खोल करायची टूम निघाली. गावात नीट अर्ज लिहिणारा मीच, शाळामास्तर. 'काठावरील निरुपयोगी गवत काढून तलाव खोल करण्यात यावा.' निरुपयोगी! हा शब्द मला कोणी सांगितला नव्हता. यंत्रांनी उतरता काठ उभा कापला, दगड बसवले, वर फिरायला रस्ता केला. पुढच्या वर्षी कमळपक्षी आले नाहीत. त्यानंतर जाळ्यात विकत आणून सोडलेलीच मासळी येऊ लागली, मरळ नाही. कोणाला काही वाटले नाही. बायकांनी पंचमीला दुकानातली भगर आणली.

मावशीच्या गाडग्यात शेवटचे पसाभर देवधान उरले होते. पंचमीला ते न शिजवता ती तलावावर घेऊन गेली. मी मागोमाग गेलो. दगडांवर बसून तिने सगळे दाणे पाण्यात टाकले.

"उगवेल, मावशी?"

"तीन पुरुस खोल पान्याखालून?" तिने माझ्याकडे पाहिले. "लिवाच्या आंधी मले एक डाव इचारलं काऊन नाही रे, मास्तर?"

ती दिवसभर उपाशी राहिली.

त्याच हिवाळ्यात ती गेली. म्हातारपणाने गेली, म्हणतात. असेल. तलाव कशाने गेला, हे मात्र कोणी विचारत नाही. अर्जाची प्रत ग्रामपंचायतीत आहे. अक्षर फार सुंदर आहे.