घणमामांची ठिणगी

पहिल्याच दिवशी घणमामांनी मला पाना फेकून मारला. लागला नाही. "न्हाई लागला? मग ध्यानात बी न्हाई राहायचं," म्हणाले, आणि दुसरा फेकला. तो माझ्या डाव्या भुवईत आजही आहे, खूण म्हणून!

चाकणच्या कारखान्यात साचे घडवणाऱ्या आमच्या टूलरूमचे ते फोरमन. नापास पार्ट दिसला की घण घालून त्याचा चेंदा करायचे. "अख्खा ठेवला की कुनीतरी लबाड पास करून धाडतंय."

पण नवं पोलाद आलं की हाच माणूस अगदी हळुवार व्हायचा. तुकडा ग्राइंडरवर धरून ठिणग्या निरखायचा. ठिणगीवरून पोलादाची जात कळते. कडक करायला तापवून बुडवताना कुणाला पाणी मानवतं, कुणाला तेल. "ठिणगी बघितल्याबिगर बुडवायचं न्हाई!" एकदा मी न बघताच तापलेला साचा पाण्यात बुडवला. फाटकन फुटला. एक तुकडा भिंतीत घुसला, दुसरा मामांनी माझ्यामागे भिरकावला.

मग मामांच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी करू. रिपोर्टला तीन आठवडे लागतील. जनुकातला नेमका बदल कळला, तर त्यावरचंच औषध देता येईल."

मामांनी टेबलावर मूठ आपटली. पेनं उडाली. "तीन आठवडं? आजच ठेचा की त्याला! न्हाईतर मी दुसरीकडं चाललो." खुर्चीला लाथ घालून निघालेसुद्धा.

सोबत आलेला मी दारात आडवा. "मामा, ठिणगी न बघताच बुडवताय?"

त्यांनी माझी कॉलर धरून मला भिंतीवर दाबलं. मी उजवी भुवई देवाच्या हवाली केली. पण पकड सैल झाली.

"बाई," ते म्हणाले, "बघा ठिणगी."

बदल सापडला. त्यावर गोळी होती, रोज एक. मामा टूलरूममध्ये परतले, पाने पुन्हा उडू लागले आणि आम्ही आनंदाने वाकू लागलो. दीड वर्ष!

मग गोळी चालेनाशी झाली. चिखलीला त्यांच्या घरी गेलो तेव्हा शेजारी गळ घालत होता, "मामा, उरलेल्या गोळ्या द्या की. माझ्या मेव्हण्यालाबी फुप्फुसाचाच हाय."

"घण आन," मामा मला म्हणाले. गोळ्या उंबऱ्यावर टाकल्या. उठवत नव्हतं, मी कमरेला धरलं. दणका! दुसरा! उंबरा तडकला, शेजारी कपाटाला चिकटला.

"त्याची ठिणगी बघितली का, गाढवा?" ते शेजाऱ्यावर खेकसले, मग धापा टाकत माझ्याकडे वळले. "उद्या मेव्हण्याला बाईंकडं ने. पळाला तर दारात आडवा हो."

झालो आडवा. मामा गेले त्याच आठवड्यात मेव्हण्याचा रिपोर्ट आला. बदल वेगळा होता. गोळीही वेगळी.