फुईचं जादा कडवं

आमच्या चर्चच्या मंडळीत छापील गाणं छापल्याएवढं कधी झालंच नाही. शेवटचं कडवं संपवून मी कीबोर्डवरून हात उचलला, की बायकांच्या बाजूने फुईचा खडा आवाज यायचा आणि गाणं पुन्हा सुरू. फुई म्हणजे आत्या. कुणाचीच सख्खी नव्हती, म्हणून शहाद्याजवळच्या आमच्या सगळ्या गावाची होती. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली.

ही जादा कडवी तिची स्वतःची. आठवड्यात कुणाचं जे बरं झालं असेल ते ती उभ्या उभ्या गाण्यात घालायची. कुणाची शेळी व्याली, कुणाची पोर दहावी पास झाली, कुणाचा ताप उतरला. शेवटी 'देवा, तुन्हा उपकार' आलं की सगळी मंडळी टाळ्या वाजवत तेच म्हणायची. सुराशी मात्र तिचं फारसं सख्य नव्हतं. मी पट्टी शोधेपर्यंत बाई दुसऱ्याच पट्टीत पोचलेली. "फुई, आवर जरा," म्हटलं की हसायची. "देवले काय घाई शे का रे? तो कोठे जाई ऱ्हायना?"

घाई मला होती. एका वर्षी हंगाम सणाला, म्हणजे नवं पीक देवापुढे आणायच्या रविवारी, धडगावहून पाहुणे पाळक, म्हणजे पास्टर, यायचे होते. मी गाण्याचे कागद छापून आणले आणि मोठ्या शहाणपणाने फुईला सांगितलं, "आज कागदावर आहे तेवढंच."

"बरं भाऊ," ती म्हणाली. तिचं तोंड उतरलेलं मला दिसलं, तरी मी कागद वाटायला लागलो.

गाणं अगदी नीट झालं. वेळेत संपलं. पण कुणी बसेना. तेवढ्यात मागून आमच्याच गावातली सुनीता पुढे आली. ऊसतोडीला गुजरातला जाणारा तिच्या टोळीचा ट्रक बाहेर उभा होता. परत यायला उन्हाळा उजाडणार होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली तान्ही लेक रोशनी तिच्या छातीशी होती.

"फुई, मन्ही पोरनं कडवं ऱ्हायी गयं," ती रडवेली होऊन म्हणाली.

फुईने माझ्याकडे पाहिलं. मग सगळेच पाहायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मान हलवली आणि पट्टी धरली, अर्थात चुकीची.

"रोशनी उनी घरले, देवा, तुन्हा उपकार!"

चर्चचे पत्रे दणाणले. पाहुणे पाळकही टाळ्या पिटू लागले. सुनीता रडता रडता हसत होती. मला वाटलं, झालं एकदाचं. पण फुई थांबते कुठली!

"पेटीवाला भाऊ बी आपलाच शे, देवा, तुन्हा उपकार!"

बारा वर्षं मी तिथे वाजवत होतो. माझं बरंवाईट मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी कुणी देवाचे आभार मानलेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. माझी बोटं थांबली. कीबोर्ड बंद पडला असं समजून आमचे पाळक वायर तपासायला उठले.