चादरीतला चेंडू

मावशी सकाळी उठली की अंथरुणावरची चादर उचलायची, तिची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि तशीच उभी राहायची. कुणाला हाक मारायची नाही. समोरची दोन टोकं कुणीतरी येऊन धरेपर्यंत खिडकीबाहेर बघत थांबायची. तिला एकटीनं घडी घालता येत नव्हती असं नाही. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. हनुवटीखाली टोक दाबून तिनं डोळे मिटूनही घडी घातली असती. पण घरात दुसरं माणूस असताना चादर एकटीनं आवरणं तिला उद्धटपणाचं वाटायचं.

आम्ही तिच्याकडे राहायला आलो तेव्हापासून समोरची टोकं आई धरू लागली. वडील गेल्यानंतरचे ते महिने होते. आई उठायची, स्वयंपाक करायची, माझी वेणी घालायची, पण बोलायची नाही. ‘हो’, ‘नको’, ‘ठेव तिथे’, एवढ्यावर तिचा दिवस भागायचा. मला शाळेतलं काही सांगायचं असलं तर मी ते मावशीला सांगायचे. आई ऐकत असायची, पण तिच्याकडून काहीच परत यायचं नाही. त्या दोन खोल्यांत दोघी बहिणी समोरासमोर यायच्या, चादर दुमडायची, टोकं एका हातातून दुसऱ्या हातात जायची आणि दोघी आपापल्या कामाला लागायच्या.

मावशीनं कुणाला तरी गळ घालून आईला लॉन्ड्रीत लावून घेतलं. शाळा सुटली की मीही तिथेच जाऊन बसायचे. आत मोठाली यंत्रं घरघरायची, वाफेनं भिंतींचा रंग सुटला होता आणि बोलायचं तर ओरडावं लागायचं. मागच्या अंगणात मात्र शांत असायचं. तिथे दोऱ्यांवर चादरी वाळायच्या. वॉर्डातल्या चादरींना इस्त्री नसायची. त्या वाळल्या की जोडीजोडीनं घड्या घालून थेट गाडीवर जायच्या. इस्त्री फक्त डॉक्टरांच्या कोटांना आणि ती करणारे ते इस्त्रीकाका. दाराशी उभे राहिले तर दार लहान वाटावं असे उंच. फाटलेलं शिवणारी एक बाई होती, तिला सगळे टाकेवाली म्हणायचे. शिफ्ट बदलण्याआधी चहाची सुट्टी व्हायची. तेव्हा सगळे उपड्या टोपल्यांवर बसायचे, आणि आई सगळ्यांत शेवटच्या टोपलीवर, जमिनीकडे बघत.

मावशीचा खेळ त्या टोपलीमुळे सुरू झाला. हे तिनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. “तुझी आई खाली बघायची ना, ते मला बघवत नव्हतं. म्हटलं, हिची मान वर करायची तर हवेत काहीतरी उडवलं पाहिजे.”

टाकेवालीनं चिंध्यांचा एक मऊ चेंडू शिवून दिला. मधली एक दोरी रिकामी केली. दोरीच्या अलीकडे चौघं, पलीकडे चौघं. चौघांच्या हातांत एका चादरीची चार टोकं. चेंडूला हात लावायचा नाही. चादरीनंच तो दोरीवरून उडवायचा आणि पलीकडच्यांनी चादरीतच झेलायचा. खाली पडला की समोरच्यांना पॉइंट, आणि सुट्टीची घंटा वाजताना ज्यांच्या चादरीत असेल त्यांनाही एक. एवढाच खेळ. मावशी स्वतः पंच झाली, कारण तिचे गुडघे दुखायचे आणि आवाज मोठा होता. आईच्या हातात तिनं न विचारता एक टोक दिलं. चादरीचं टोक दिलं की आई धरायचीच.

आईची मान वर झाली. तोंड मात्र उघडलं नाही.

मग एके दिवशी ती गंमत झाली. चेंडू उंच उडून आईच्या बाजूच्या चादरीत येऊन पडला आणि त्याच क्षणी सुट्टी संपल्याची घंटा वाजली. घंटा वाजली की घडी, ही त्या हातांची जन्माची सवय. आई सोडून बाकीचे एकमेकांशी बोलत, हसत होते; चौघांनी चादर अर्धी केली, पाव केली, गाडीवर ठेवली. तिच्यावर आणखी चादरी चढल्या आणि गाडी वॉर्डकडे गेली. थोड्या वेळानं चेंडूची शोधाशोध सुरू झाली. टोपल्या उलट्यापालट्या झाल्या. इस्त्रीकाकांनी कोटांचे खिसेही चाचपून बघितले.

“घडीत गेला,” आई म्हणाली.

सगळे वळले. तिचा आवाज तिथे बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकला असेल.

“आमच्या चादरीत होता,” ती पुढे म्हणाली. “खाली पडला नाही. म्हणजे आमचा पॉइंट.”

मला वाटलं मावशी आता धावत येऊन तिला मिठी मारणार. मावशीनं कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “कसला पॉइंट? चेंडू मैदानाबाहेर गेला. बाद.”

“मैदानाबाहेर? ताई, चादरीत गेला! चादर मैदानाबाहेर गेली, त्याला आम्ही काय करणार?”

“पंचाशी वाद घालायचा नाही.”

“पंचाला दिसत नसेल तर कुणी बोलायचंच नाही का?”

“वा! म्हणजे आता मी आंधळी,” मावशी म्हणाली आणि आत निघून गेली. मी तिच्या मागे गेले तेव्हा ती यंत्राकडे तोंड करून उभी होती आणि पदरानं डोळे पुसत होती. “वाफ गं, वाफ,” ती मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर साहेब तो चेंडू दोन बोटांत धरून अंगणात आले.

“हा कुणाचा?”

टाकेवाली हातातल्या शिवणाकडे बघू लागली.

“पेशंटच्या पाठीखाली सापडला. त्याला वाटलं, पाठीवर गाठ आली. डॉक्टर धावत आले. इथे लॉन्ड्री चालते की सर्कस?”

इस्त्रीकाकांना हसू आवरेना म्हणून ते खोकत खोकत आत गेले. खेळ मात्र बंद झाला. चादरी टोपलीत, चेंडू साहेबांच्या कपाटात आणि आई पुन्हा शेवटच्या टोपलीवर. सकाळी चादरीच्या घडीला समोर यायची ती पुन्हा ‘हो’ आणि ‘नको’ घेऊन. मी मावशीकडे बघायचे आणि मावशी तिच्याकडे. मला त्या वयातही कळत होतं की बंद झालाय तो नुसता खेळ नाही.

मावशी साहेबांकडे गेली. जाताना तिनं आईला हाक मारली, “धाकटे, ती कोटांची गाडी साहेबांच्या खोलीशी आण जरा.” मीही गाडीच्या मागे मागे गेले. दार उघडंच होतं. मावशी साहेबांना खेळ समजावून सांगत होती, आणि अगदीच भलतं सांगत होती.

“म्हणजे कसं साहेब, दोन्ही बाजूंनी चादर ओढायची. जो जास्त ओढेल तो जिंकला.”

“अहो, मग चादर फाटेल ना!”

“फाटते कधी कधी,” मावशी शांतपणे म्हणाली.

दाराशी आईचे हात गाडीच्या दांड्यावर आवळले. “ताई, काय सांगतेयस तू?”

“का? बरोबरच सांगतेय.”

“ओढायची कुठली! साहेब, ओढायची नाही. ओढली की चेंडू उसळून बाहेर जातो. सैल सोडायची, अशी, आणि चौघांनी एकदम ताणायची.” आई गाडी सोडून आत गेली होती. साहेबांच्या टेबलावरचा टॉवेल तिनं उचलला, त्यांच्या हातात दोन टोकं दिली, वर त्यांच्याच कपाटातला चेंडू ठेवायला लावला. ती बोलत राहिली. चेंडू खाली पडला तर काय, दोरीला लागला तर काय, उंच माणसाला कुठल्या टोकाला उभं करायचं. शेवटी म्हणाली, “आणि वापरातल्या चादरी घ्यायच्याच नाहीत. चिंध्या करायला काढलेल्या बाद चादरी आहेत ना कोपऱ्यात, त्या द्या. आणि चेंडू पंचाच्या हातात पडल्याशिवाय कुणी अंगण सोडणार नाही.”

साहेबांच्या हातात टॉवेलची टोकं तशीच होती. “हे सगळं आधी नीट सांगायला काय झालं होतं?” ते मावशीला म्हणाले.

“मला कुठे नीट सांगता येतं साहेब,” मावशी म्हणाली.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि मावशीला तिचा धंदा सापडला. ती इतकी वाईट पंच झाली की विचारू नका. चेंडू स्पष्ट चादरीत पडला तरी खाली पडला म्हणायची. दोरीच्या खालून गेलेल्याला पॉइंट द्यायची. आणि हे सगळं आईच्याच बाजूच्या विरुद्ध. आई टोक न सोडता भांडायची. भांडता भांडता म्हणायची, “मग तसा नियमच करून टाक ना!” आणि मावशी लगेच म्हणायची, “तूच कर.”

असे त्या खेळाचे नियम झाले. चेंडू घडीत गेलेला तो दिवस आईनं सोडला नव्हता. तिच्या हट्टावरून घडीला जादा पॉइंट ठरला: चेंडू झेलायचा आणि तो आत असताना चादरीची चौपदरी घडी घालायची. पण मग सगळे झेलला की घडीच घालू लागले. उडवायला कुणी तयार होईना, अंगणात नुसत्या घड्या. टाकेवाली म्हणाली, “यापेक्षा काम केलेलं काय वाईट?” तेव्हा आईनं ठरवलं की चेंडू दोरीवरून एकदा गेला आणि परत आला, तरच घडी घालायची मुभा. घडी घालताना तो खाली पडला तर पॉइंट समोरच्यांना. इस्त्रीकाका हात डोक्यावर नेऊन चादरीची भिंत करायचे, म्हणून कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही असं ठरलं. “हा नियम माझ्या आईबापांवर अन्याय आहे,” काका म्हणाले, “त्यांनी मला एवढा वाढवला तो कशाला?” घडी झाली की चौघांनी टोकं बदलायची, हा नियम मात्र कुणी केला नाही. घडी घालताना माणसं आपोआपच इकडची तिकडे होतात. ते तसंच राहिलं, आणि त्यामुळे कुणी कायम मागच्या टोकाला अडकून पडत नाही.

माझ्या शाळेतले पीटीचे सर एकदा बघायला आले. त्यांनी येताना रबरी चेंडू आणला. तो चादरीत ठरेचना. दोनदा दोरीवरून गेला आणि तिसऱ्यांदा भिंतीवरून थेट रस्त्यावर. सर स्वतःच हसले आणि चिंध्यांच्या चेंडूचं माप घेऊन गेले. जमिनीवर रेघा आखायच्या ही कल्पना त्यांची आणि हरलेल्या बाजूनं पुढचा चेंडू उडवायचा हीसुद्धा. मावशीनं दोन्ही लगेच मान्य केल्या. “मला सुचायलाच हवं होतं हे,” ती त्यांना म्हणाली आणि त्यांना चहा पाजला. पुढे शाळेत मुलींच्या दोन टीम झाल्या. एकीत मी होते. आईनं मला घरी खेळ शिकवला आणि शिकवताना मला वडिलांबद्दल सांगितलं, पहिल्यांदाच. ते किती नेमबाज होते, आणि चादरीच्या घडीला किती कंटाळायचे, हे सांगताना ती हसत होती. त्या संध्याकाळी मला माझी आई परत मिळाली. ती कुणामुळे मिळाली, हे मला पुरतं कळायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

कॉलेजात असताना मी मावशीला विचारलं, “तू मुद्दाम चुकीचे निकाल द्यायचीस ना?”

ती तांदूळ निवडत होती. “पंचाला असं विचारायचं नसतं.”

मी आईकडे गेले. आई म्हणाली, “मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. एवढी का मी खुळी?”

“मग भांडायचीस कशाला?”

“अगं, निकाल चुकीचे होते ना!” ती खरोखरच चिडली होती. “मुद्दाम दिला काय, चुकून दिला काय, चूक ती चूक. गप्प कशी बसणार?”

आता त्या अंगणात वाळवणाची मोठी यंत्रं आली आहेत, दोऱ्या गेल्या. पण माझ्या जुन्या शाळेच्या मैदानावर पोरी अजून खेळतात आणि घडी पुरी झाली की सगळ्या मिळून ओरडतात. मी तिथून जाते तेव्हा थांबते. त्या पोरींना मावशी माहीत नाही, आणि ते बरंच आहे. त्या फक्त खेळतात. मी मात्र मनातल्या मनात तिला हात जोडते. खेळ जगात पुष्कळ आहेत. आपल्या बहिणीनं एक वाक्य बोलावं म्हणून आख्खा खेळ उभा करणारं माणूस माझ्या वाट्याला आलं.

मावशीचं शेवटचं आजारपण त्याच हॉस्पिटलात झालं. आई दिवसभर तिच्या उशाशी बसून असायची. शेजारच्या कॉटवरच्या बाईची सून, टाकेवालीचं नवं घर, इस्त्रीकाकांची कवळी, सगळं ती मावशीला सांगायची. मावशी डोळे मिटून ऐकायची आणि मधूनच ‘हं’ करायची. नर्स एकदा आईला म्हणाली, “ताई, पेशंटला जरा आराम हवाय.” आईनं मान डोलावली आणि कवळीची गोष्ट पुढे सुरू केली, फक्त आवाज कमी करून.

त्या दुपारी मी खिडकीशी पाण्याचा जग भरत होते. आई म्हणत होती, “आणि ऐक ना ताई, काकांनी ती कवळी चहाच्या कपात ठेवली, आणि सुनेनं न बघताच त्यात...”

मावशीनं एक डोळा किलकिला केला. माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

“किती बोलतेस गं धाकटे,” ती म्हणाली. “पडदा ओढ तो, जरा झोपू दे मला.”