काकांचा क्लच आणि माझी पदवी

मी पदवीधर झालो तो माझ्या कसबा पेठेतल्या घरमालक काकांमुळे. आणि स्वतःच्या जुन्या गाडीला अहो-जाहो करणारा असा दुसरा माणूस आख्ख्या पुण्यात नसेल. त्यांनी मला तीन वर्षं खोली दिली, परीक्षेच्या दिवसांत जेवू घातलं, पण गाडीला बोट लावू दिलं नाही. दार जरा जोरात लागलं तर ते गाडीला "माफ करा हं" म्हणत. एका मेकॅनिकने "काका, भंगारात घाला" असं सुचवलं. काका शांतपणे म्हणाले, "वय झालं की भंगारात घालायची पद्धत आपल्या घरी असेल. आमच्याकडे औषध देतात." तेव्हापासून सगळी दुरुस्ती ते स्वतःच करत.

माझ्या पदवीदानासाठी आई-वडील पहिल्यांदाच पुण्याला येणार होते. काकांनी जाहीर केलं, "स्टँडवरून समारंभाला ते आमच्या गाडीतूनच जातील." मी गावी तसं कळवलं, वडिलांनी नवी टोपी घेतली, आणि आदल्या दिवशी क्लचचं पेडल खाली गेलं ते वर येईना. क्लचला तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर गळत होता. काकांनी नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं पालथी घालून नवा आणला आणि सकाळी उजाडताच बसवलाही. राहिली फक्त तेलाच्या नळीतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने गाडीखालून नळीच्या टोकाचा स्क्रू, म्हणजे निपल, सैल करून बुडबुड्यांसकट तेल सोडायचं आणि परत आवळायचं. तोवर पाय उचलला तर हवा पुन्हा आत!

मी, चक्क मी, ड्रायव्हरच्या जागेवर! गाडीखालून हुकूम येत होते, "दाब! धर! हं, सोड!" एसटी दहाला येणार होती, साडेआठ झाले. बुडबुडे संपतच आले होते, तेवढ्यात शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक आले. गुरुजी दिसले की ताडकन उठायचं, हे आमच्या शाळेने अंगात मुरवलेलं. मी उठलो.

"पाय कुणी काढला?"

"सर आलेत, काका."

"मी आधीच आडवा आहे. आपल्या दोघांचा नमस्कार झाला म्हणावं. तू बस!"

वरून काकू म्हणाल्या, "अहो, रिक्षा सांगा. त्याला पदवी गाडीतच देणार का?"

पुन्हा पहिल्यापासून. नऊ वाजून वीस मिनिटांनी पेडल पायाला लागलं, घट्ट! मी ओरडलोच. काका तेलकट हातांनीच गाडीला म्हणाले, "चलायचं ना?"

पुढे हिंजवडीत नोकरी लागली, खोली सुटली. निघायच्या गडबडीत सांगायचं राहिलं, म्हणून पत्र टाकलं:

"ती. काकांस सा. नमस्कार. वडिलांना माझ्या पदवीचं नाव अजून नीट सांगता येत नाही. पण स्टँडवर ते मागे बसायला निघाले, तेव्हा तुम्ही पुढचं दार उघडून 'अहो, आपण इथे' म्हणालात, ते गावात सगळ्यांना सांगून झालंय. त्यांना तोवर कुणीच 'आपण' म्हटलं नव्हतं, काका."